गेटवरची तारीख

मंडळी, ईआरपीमधून रिपोर्ट काढून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे आजचं लिखाण म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटेल. वाटू दे.

कारखान्याच्या साहेबलोकांना डॅशबोर्ड फार आवडतो. हिरवा, पिवळा, लाल. त्यातला एक ठरलेला रिपोर्ट म्हणजे 'वेळेवर पुरवठा', कुठला सप्लायर माल वेळेवर देतो आणि कुठला नाही. मी ज्या कंपनीसाठी हे करतो (नाव नको) तिथे उल्हासनगरचा एक छोटा खोकेवाला कायम लाल. आता उल्हासनगरहून अंबरनाथच्या एमआयडीसीत टेम्पो यायला असा कितीसा वेळ लागतो? स्टोअर्समध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "तो कुठला लेट? शनिवारीच येऊन उभा असतो. आपल्याकडे उतरवायला माणूस नसतो. मग क्यूसी, मग मंगळवारी एन्ट्री." तोपर्यंत परचेसने त्याची ऑर्डर निम्म्यावर आणली होती. कारण काय, तर रिपोर्ट.

गोम तारखेत आहे. सॅपमध्ये माल आल्याची नोंद होते तेव्हा तीन तारखा बसतात: चलनाची, पोस्टिंगची आणि प्रत्यक्ष एन्ट्री केली त्या दिवसाची. (पोस्टिंगच्या तारखेच्या फील्डचं नाव 'बुडाट'. मूळ जर्मन शब्दाचं लघुरूप आहे ते, पण खोकेवाल्याला मराठी अर्थच जास्त पटेल!) वेळेचं मूल्यमापन पोस्टिंगच्या तारखेवरून होतं. ती मागची टाकता येते, नाही असं नाही. पण स्क्रीनवर आजची तारीख आधीच भरलेली असते आणि घाईतला माणूस एंटर दाबून पुढे जातो. बरं, चलनाची तारीख घ्यावी तर ती सप्लायरने स्वतःच लिहिलेली. टेम्पो गेटवर कधी आला, ही चौथी तारीख आमच्या सिस्टीममध्ये नाहीच. ती वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आहे, निळ्या बॉलपेनाने लिहिलेली.

पूर्वी आमची रड वेगाची असायची. हिशेबाचं बीएसईजी नावाचं अवाढव्य टेबल जुन्या सॅपमध्ये क्लस्टर प्रकारचं होतं, दुसऱ्या टेबलाशी सरळ जॉइन करायची सोयच नाही. २०१० मध्ये हाना आलं, २०१५ मध्ये एस/४हाना, आणि ती कटकट संपली. रिपोर्ट आता चुटकीसरशी येतो. पण चौथी तारीख काही त्यातून येत नाही. वर कितीही भारी बीआय टूल बसवा, जे खाली नोंदलंच नाही ते वर दिसणार कुठून?

आणि हा नुसता रंगाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल भागवायची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर हे दिवस माल प्रत्यक्ष हाती आल्यापासून मोजायचे. एन्ट्री झाल्यापासून नव्हे! थकबाकीचा रिपोर्ट पोस्टिंगच्या तारखेवर बांधलेला असेल, तर तो ४४ दिवस दाखवतो तेव्हा खरे ४७ झालेले असतात. साहेब निवांत, आणि तिकडे खोकेवाला पगाराची तारीख पुढे ढकलतोय.

कन्सल्टंट लोक म्हणतात, स्टँडर्डला हात लावू नका. त्यांचं अगदीच चूक नाही. प्रत्येक झेड प्रोग्रॅम पुढच्या अपग्रेडला पुन्हा तपासावा लागतो आणि तेव्हा आमच्याच रात्री जातात. पण मग निदान रिपोर्टच्या डोक्यावर 'वेळेवर पुरवठा' असं लिहू नका. 'आमच्या एन्ट्रीच्या तारखेनुसार' असं लिहा, आणि त्या जोरावर कुणाची ऑर्डर कापू नका.

माझ्या मते मात्र गेट एन्ट्रीचा एक स्क्रीन करावाच. वेळ, गाडी नंबर, चलन नंबर, बास. चलन नंबर स्टोअर्सवाले एन्ट्री करताना भरतातच, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जोडायला धागा आयता आहे. गेटवर एक कॉम्प्युटर लागेल आणि वॉचमनकाकांना चार दिवस शिकवावं लागेल. मी हे सुचवलं तेव्हा उत्तर आलं, बजेट पुढच्या वर्षी बघू. डॅशबोर्डला नवे रंग देण्याचं काम मात्र याच महिन्यात मंजूर झालंय.