यंत्राला न कळलेली सही

'सर, पोराला कोडिंग येऊ द्या, उर्दू-मराठीचे तास कमी झाले तरी चालतील.' पालकसभेत हे वाक्य हल्ली हमखास ऐकू येते. भाषेचा मास्तर म्हणून मला ते झोंबते, पण माझ्या मते ते चूकही आहे.

सी या संगणक-भाषेत मुद्दाम दुर्बोध प्रोग्राम लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1984 साली सुरू झाली. 1990 च्या विजेत्यांत ब्रायन वेस्टली यांचा एक प्रोग्राम होता. इंग्रजी जाणणाऱ्याला तो चार्ली आणि शार्लट यांची प्रेमपत्रे वाटतो. संगणकावर चालवून एक संख्या दिली, तर तेवढ्या पाकळ्यांचा 'प्रेम आहे, प्रेम नाही' हा खेळ खेळतो.

गंमत बघा. सी भाषेत 'साइन्ड' म्हणजे ऋण किंमतही घेऊ शकणारी संख्या, आणि 'चार' हा अक्षर साठवण्याचा प्रकार. त्यापुढे वेस्टली यांनी चलाचे नाव ठेवले 'लॉट'. यंत्राला ही निव्वळ एका चलाची घोषणा वाटते. माणूस मात्र सलग वाचतो: सही, शार्लट!

प्रोग्राममध्ये शेरे लिहायला वेगळी जागा असते. यंत्र ते वाचतच नाही, तिथे कुणीही थट्टा करील. इथे तसे नाही. तेच शब्द काम करतात आणि तेच हसवतात.

उर्दूवाल्यांना यात तारीखगोई आठवेल. अबजद हिशेबात अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4. (786 घरोघरी ठाऊक असते, पण ते येते कुठून हे कितीजण मुलांना सांगतात?) शायर असा मिसरा रचतो की अक्षरांची बेरीज कुणाच्या निधनाचे किंवा मशिदीच्या बांधकामाचे हिजरी वर्ष देते. पण बेरीज जुळून मिसरा बेचव निघाला, तर उस्ताद दाद देत नाहीत.

आता कामाच्या प्रोग्राममध्ये असला खेळ करणाऱ्याला मी तरी नोकरीवर ठेवणार नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून 'हे असे का लिहिले असेल' असा प्रश्न पडायला हवा, आणि ती सवय भाषेच्या तासालाच लागते. शब्दाला दोन अर्थ असू शकतात, हे मूल आधी तिथेच शिकते.

आठवीच्या मुलांना नावाची अबजद बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहायला सांगून बघावे. तासाला वर्गात संगणकाचे सर आणि उर्दूचे सर दोघेही असावेत.