संगणकासाठी वॉटर कूलिंग किट : गरज ओळखून खरेदी करा

घरातील संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी कितीतरी जणांची रोजीरोटी त्यावर अवलंबून आहे. कोणी एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करतो, कोणी लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करतो, तर कोणी फर्निचरची चित्रे तयार करून गिऱ्हाइकाला दाखवतो. अशा कामात प्रोसेसर तापतो. प्रमाणाबाहेर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. मग दुकानदार म्हणतो, "शेठ, वॉटर कूलिंग बसवून घ्या." हा सल्ला केव्हा मानावा आणि केव्हा मानू नये, याबद्दल आम्ही येथे आमचे मत मांडत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, वॉटर कूलिंग किटला संगणकाचा फ्रीज समजू नये. मोटारीच्या इंजिनात जे घडते तेच येथे घडते. प्रोसेसरवर बसवलेली धातूची, बहुधा तांब्याची, पट्टी उष्णता शोषते, पंपामुळे फिरणारे पाणी ती रेडिएटरपर्यंत नेते आणि पंखे ती खोलीच्या हवेत सोडतात. खोलीचे तापमान ४० अंश असेल तर हे पाणी ४० अंशांच्या खाली येऊ शकत नाही. उन्हाळ्यात मालेगाव किंवा जळगावात पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्याने किटच्या आधी खोलीत वारा खेळता राहील याची सोय करावी. संगणक जुना असेल तर आधी धूळ झाडून घ्यावी आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून पाहावी. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

यानंतर प्रोसेसर किती वीज खातो ते पाहावे, कारण तितकीच उष्णता बाहेर काढायची असते. इंटेलचा कोअर आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅटपर्यंत जातो. कोअर आय९-१४९००के हाच आकडा २५३ वॅटपर्यंत नेतो. पहिल्याला साधा पण चांगला एअर कूलर पुरतो. त्यावर वॉटर कूलिंग लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यावर तासन् तास व्हिडिओचे काम चालत असेल तर ३६० मिलिमीटर रेडिएटरचे किट घेण्यात अर्थ आहे. मधल्या प्रोसेसरसाठी २४० मिलिमीटरचे किट किंवा मोठा टॉवर एअर कूलर, दोन्ही चालतात. १२० मिलिमीटरच्या छोट्या किटपेक्षा चांगला एअर कूलर घेतलेला बरा.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. ऐन लग्नसराईत किंवा ईदच्या तोंडावर बिघाड झाला तर काय होईल? एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग आहे, तो म्हणजे पंखा. तो बाजारात सहज मिळतो आणि घरीही बदलता येतो. कारखान्यात सीलबंद केलेल्या किटचा पंप गेला की सहसा संपूर्ण किट बदलावे लागते. शिवाय वर्षानुवर्षे नळ्यांतून थोडे थोडे पाणी उडून जाते आणि बहुतेक किटमध्ये ते पुन्हा भरता येत नाही. गळतीचा धोका कमी असला तरी तो आहेच. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ या महागड्या संगणकात द्रवाने थंड करण्याची व्यवस्था केली होती. त्यांपैकी काही यंत्रांत पुढे गळती होऊन आतले भाग खराब झाले.

तरीही किट घ्यायचेच ठरले तर सीलबंद किटच घ्यावे. सुटे भाग जोडून तयार होणारे किट दिसायला देखणे असते, पण त्यातले पाणी वेळोवेळी बदलावे लागते आणि सांधे तपासावे लागतात. त्यात बोअरचे किंवा नळाचे पाणी कधीही घालू नये, क्षार साचतात. तांबे आणि ॲल्युमिनियमचे भाग एकत्र जोडले तर धातू गंजतो. कामाच्या माणसाला एवढी उठाठेव परवडत नाही.

खरेदीपूर्वी सॉकेट तपासावे. एएमडीच्या एएम४ वर बसणारी बहुतेक किट २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वरही बसतात. इंटेलच्या एलजीए १२०० आणि एलजीए १७०० यांच्या छिद्रांतील अंतर मात्र वेगळे आहे. कॅबिनेटमध्ये रेडिएटर मावतो का, हे मोजून घ्यावे. बसवताना रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहावा, नाहीतर पंपात हवा अडकते. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात कापसाची तूस रेडिएटरच्या पात्यांत बसते, म्हणून जाळीचा फिल्टर लावून तो वरचेवर साफ करावा. रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. दिव्यांनी संगणक थंड होत नाही.

शेवटी, पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि गळतीने इतर भाग खराब झाले तर कंपनी भरपाई देते का, हे कागदावर वाचून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळलेली आहे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी जो वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच मानला जातो. घरी बसून पंचिंग करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी हा हक्क ओळखावा आणि बिल जपून ठेवावे.