निर्वाताचे भय आणि नागरिकाचा हक्क

जिनीव्हानजीकच्या सर्न संशोधनकेंद्रातील महाकाय कणत्वरक १० सप्टेंबर २००८ रोजी प्रथम कार्यान्वित झाला, तेव्हा आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी जगबुडीचा मुहूर्तच जाहीर करून टाकला होता. सुशिक्षितांनी त्यावर हसणे स्वाभाविक होते. तथापि, प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरविणे न्याय्य नव्हते. संभाव्य संकटांच्या यादीत कृष्णविवरांबरोबर निर्वाताचा ऱ्हासही होता, आणि ही कल्पना खुद्द भौतिकशास्त्रज्ञांचीच आहे.

निर्वात म्हणजे केवळ रितेपण नव्हे. ती ऊर्जेची किमान अवस्था होय. परंतु ही अवस्था खरोखर नीचतम नसेल तर? सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये दाखविले की, अशा ‘मिथ्या’ निर्वातात, आधणात बुडबुडा यावा तसा, खऱ्या निर्वाताचा बुडबुडा आपोआप उद्भवू शकतो आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फुगत सारे गिळू शकतो. त्याची पूर्वसूचनाही मिळावयाची नाही, कारण कोणतीही वार्ता त्याच्या फारशी पुढे धावू शकत नाही.

अॅलन गूथ यांनी १९८१ मध्ये याच कल्पनेवर आद्य विश्वाच्या महास्फीतीचा सिद्धांत उभारला. त्यात खोट होती. बुडबुड्यांमधील अवकाश इतक्या वेगाने फुगे की ते एकजीव होऊच शकत नसत. जे परस्परांवर आदळत, त्यांची ऊर्जा भिंतींतच साठलेली असल्याने विश्व ओबडधोबड निघाले असते. ही खोट गूथ यांनी आपल्या त्याच निबंधात नोंदविली, हे विशेष.

कणत्वरकाविषयीच्या शंकेचे उत्तरही असेच उघड आहे. पीट हट व मार्टिन रीस यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, मानवी यंत्रांहून कितीतरी अधिक ऊर्जेचे विश्वकिरण अब्जावधी वर्षे परस्परांवर आदळत आले आहेत; तरीही आपला निर्वात शाबूत आहे. हा युक्तिवाद पटण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. त्यात मेख एवढीच, की साक्ष देण्यास वाचलेलेच उरतात! टेगमार्क व बॉस्ट्रॉम यांनी २००५ मध्ये हा आक्षेपही हिशेबात धरला, आणि असे नैसर्गिक अरिष्ट अब्ज वर्षांत एकदाहून अधिक संभवत नाही, असा निष्कर्ष काढला.

सर्नचा सुरक्षाविषयक अहवाल जून २००८ मध्येच सर्वांस खुला झाला होता. त्यात निर्वाताच्या बुडबुड्यांचाही विचार होता. वाहिन्यांपाशी तो वाचावयास दोन महिन्यांहून अधिक अवधी होता.