खेळातला संसार आणि त्याचा उत्तरभाग

संसाराला खेळ म्हणण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. जगाची उत्पत्ती ही परमेश्वराची लीला होय, असे आपल्या दर्शनकारांनी म्हटले, आणि घरातील वडीलधारी माणसेही कोणी गेल्यावर 'खेळ संपला' असेच म्हणतात. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत याच्या नेमके उलट घडले आहे. संसाराला खेळ न म्हणता खेळालाच संसार बनविण्याची विद्या निघाली असून, आपल्या घरांतील मुलेमुली संगणकापुढे बसून तो संसार मोठ्या आस्थेने करीत असतात. त्या संसाराच्या एका नव्या आवृत्तीविषयी खेळणाऱ्यांत जो मोठा वाद माजला, तो वरवर पाहता पोरखेळ वाटेल. पण त्यात आपणा गृहस्थाश्रमी मंडळींनी विचार करण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून या महिन्यात तोच विषय घेत आहे.

या खेळाचे नाव 'द सिम्स'. विल राइट नामक अमेरिकन रचनाकाराने तो रचिला आणि २००० सालच्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला. १९९१ साली कॅलिफोर्निया प्रांतातील ओकलंड येथे भयंकर वणवा पेटला. त्यात जी असंख्य घरे भस्मसात झाली त्यांत राइट यांचेही घर होते. पुन्हा बिऱ्हाड मांडताना आधी काय घ्यावे, कशावाचून अडते व कशावाचून मुळीच अडत नाही, असे विचार त्यांच्या मनात घोळू लागले आणि त्यांतून ही कल्पना निघाली. या खेळात शत्रू नाही, लढाई नाही, जिंकणे नाही की हरणे नाही. एक घर बांधावयाचे, त्यात माणसे ठेवावयाची आणि त्यांचे दिवस नीट जातील असे पाहावयाचे. भूक, झोप, स्वच्छता, देहधर्म, आराम, करमणूक, माणसांचा सहवास आणि घराची नीटनेटकी मांडणी अशा आठ गरजा प्रत्येकाच्या मागे लावून दिल्या आहेत. एकीकडे दुर्लक्ष झाले की दुसरी बिघडते. त्यांची भाषाही कोणत्याच देशाची नाही; 'सिम्लिश' म्हणून मुद्दाम घडविलेली ती निरर्थक बडबड आहे, त्यामुळे ती कोणालाच कळत नाही आणि म्हणूनच सर्वांना सारखीच कळते. ज्यात काहीच घडत नाही असा हा खेळ कोण घेणार, अशी शंका आरंभी पुष्कळांना होती. परंतु २००२ सालापर्यंत घरगुती संगणकावरील खेळांत त्याचा खप सर्वांच्या वर गेला, आणि एरवी अशा खेळांकडे न फिरकणाऱ्या मुली व स्त्रिया त्याकडे मोठ्या संख्येने वळल्या.

एखादी कृती लोकप्रिय झाली की तिचा उत्तरभाग निघणे हे ओघानेच आले, आणि उत्तरभाग निघाला की रसिकांची कुरकुर निघणे हेही तितकेच ओघाचे. संस्कृत वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे नवीन नाही. बाणभट्टाची कादंबरी अपुरी राहिली ती त्याच्या पुत्राने पुरी केली. पुत्राने पितृभक्तीने केलेले ते काम आदरास पात्र खरे, तथापि पूर्वभागाची सर उत्तरभागास नाही, हा अभिप्राय पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेला आहे. याच्या उलट उदाहरण भवभूतीचे. त्याचे महावीरचरित रामाच्या राज्याभिषेकापाशी संपते. पुढील कथेवर त्याने उत्तररामचरित रचिले आणि तेच त्याच्या कीर्तीचे शिखर ठरले. असे का व्हावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे कारण असे की, उत्तररामचरितात युद्धाचा डामडौल कमी आणि घर अधिक आहे. तेथे पतिपत्नींचा वियोग आहे, गतकाळाची आठवण आहे आणि मुख्य म्हणजे तेथे लव आणि कुश आहेत. मुले आली तेव्हा कथा खोल झाली.

'सिम्स'चीही गोष्ट काहीशी अशीच आहे. पहिल्या भागात माणसे म्हातारी होत नसत. मूल एकदा शाळकरी वयाचे झाले की कायम तेवढेच राही. २००४ सालच्या दुसऱ्या भागात काळ आला. मूल जन्मे, रांगे, शाळेत जाई, तरुण होई, वृद्ध होई आणि एके दिवशी जाई. आईचे नाक व बापाचे डोळे लेकरात उतरत. प्रत्येकाच्या मनात काही आशा आणि काही भये असत. २००९ सालच्या तिसऱ्या भागात घराचा उंबरठा ओलांडून सबंध गाव अखंड फिरता येऊ लागला. अशा चढत्या श्रेणीने आलेला खेळ चौथ्या भागात आणखी वर चढेल, अशी अपेक्षा बाळगणे अस्वाभाविक नव्हते.

चौथा भाग २०१४ सालच्या सप्टेंबरात आला. परंतु तो येण्यापूर्वीच उन्हाळ्यात कर्त्यांनी जाहीर केले की, त्यात पोहण्याचे हौद असणार नाहीत आणि रांगत्या-चालत्या वयाची मुलेही असणार नाहीत. तान्हे बाळ पाळण्यातून निघे ते एकदम शाळकरी मूल होऊनच, आणि पाळण्यातील ते बाळही पाळण्याला जखडलेले; त्याला उचलून दुसऱ्या खोलीत नेण्याची सोय नव्हती. अखंड गावही गेला; प्रत्येक दारापाशी थांबून वाट पाहावी लागे. यावर खेळणाऱ्यांत जो क्षोभ उसळला त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. एक पक्ष म्हणे, हौद काय आणि नाचणी बाळे काय, आधी होती ती काढून घेऊन वर नव्याची किंमत मागणे हा उघड अन्याय होय. दुसरा पक्ष म्हणे, जे दिले त्याकडे तर पाहा: या भागातील माणसे रागावतात, लाजतात, शोक करतात, आणि मनाची स्थिती बदलली की त्यांची कृतीही बदलते, चेहरा घडविणे आणि घर बांधणे पूर्वीपेक्षा किती तरी सुकर झाले आहे. कर्त्यांचेही म्हणणे हेच होते की, श्रम व वेळ मर्यादित असल्याकारणाने ते नव्या पायावर खर्च केले.

हा वाद ऐकून मला मृच्छकटिकातील रोहसेनाची आठवण होते. शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेल्या त्या बाळाला रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी नको होती. त्याला सोन्याचीच हवी होती, आणि शेवटी वसंतसेनेने आपले अलंकार उतरून ती मातीची गाडी भरून दिली. 'सिम्स' खेळणाऱ्यांचा हट्ट याच्या उलट आहे. त्यांच्या पुढ्यात सोन्याची गाडी ठेवली होती: रूप सुबक, हालचाल डौलदार, भावना नानाविध. ते म्हणत होते, 'आमची मातीची गाडी कोठे आहे? तीत आमचे तान्हे बसत असे.' हा हट्ट बालिश म्हणून झटकून टाकता येत नाही. संसाराचे सार कशात आहे याविषयी तो दिलेला निवाडा आहे, आणि तो बहुतांशी पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणांनी दिला आहे, हे आपल्यासारख्या वयस्कांनी विशेष ध्यानात घ्यावे. 'हल्लीच्या मुलांना संसार नको' असे आपण उठल्याबसल्या म्हणतो. आणि ही मुले तर रांगते मूल नाही म्हणून खेळण्यावर रुसून बसतात!

नव्या आवृत्तीत काही गळणे हे खेळांच्या इतिहासात वारंवार घडले आहे. आपल्याकडील मोक्षपट, ज्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वर महाराजांकडे दिले जाते, त्याच्या घरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. शिडी का चढलो व साप का गिळता झाला हे मुलाला घर वाचूनच कळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. आरंभी तेथेही घरांना नीतीची नावे होती. पुढे ती पुसट होत गेली आणि आज आपल्या मुलांच्या हाती येतो तो नुसता सापशिडीचा पट, ज्यात चढण्याला पुण्य नाही व पडण्याला पाप नाही. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांनी १८६० साली आयुष्याचा एक पट काढला होता. त्यात प्रामाणिकपणा, आळस, अप्रतिष्ठा अशी घरे असून सुखी वार्धक्य हे गंतव्य होते, आणि फासे म्हणजे द्यूत असा समज असल्यामुळे फाशांऐवजी भोवरा फिरवीत. शंभर वर्षांनी, १९६० साली, त्याचीच नवी आवृत्ती निघाली. तीत गंतव्य ठरले ते लक्षाधीश होणे. त्या काळच्या खेळणाऱ्यांनी सुखी वार्धक्य परत मागितल्याचे ऐकिवात नाही. 'सिम्स'वाल्यांनी आपले तान्हे मागितले, इतका त्यांचा अधिकार निश्चित मोठा आहे.

आता आपल्या घरच्या खेळाकडे वळू. भातुकलीला कधी कोणी उत्तरभाग काढला नाही. तरी प्रत्येक पिढीने तिची नवी आवृत्ती काढलीच आहे. मातीच्या बोळक्यांच्या जागी पितळी भांडी आली, चुलीशेजारी गॅसची शेगडी आली, पाट्यावरवंट्याच्या जोडीला मिक्सर आला. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात खेळण्यांच्या दुकानांपुढे उभे राहिले, तर एकाच पालाखाली जाते आणि शेगडी अशी दोन युगे मांडलेली दिसतात. नवे आले म्हणून जुने कोणी काढून घेतले नाही. आणखी एक गोष्ट अशी की, या खेळात सर्वांत धाकट्याला वगळण्याची चाल नाही. त्याला काही येत नसले तरी तो 'लिंबूटिंबू' म्हणून पंगतीस बसतोच; त्याच्या पानात चार चुरमुरे अधिक पडतात. एखादी मुलगी डोक्यावरून पदर घेऊन आजी होते आणि इतर सर्वांवर डाफरते. तिच्यावाचून भातुकलीला रंग चढत नाही. आमच्या मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत दुपारची वेळ अशी कितीक संसारांनी गजबजलेली असे.

'सिम्स'च्या घरात मात्र आठांहून अधिक माणसे मावत नाहीत. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या नातीने आमचे सबंध घर त्यात मांडण्याचा उद्योग आरंभिला होता; काका, काकू आणि चुलत भावंडे येईपर्यंत संख्या संपली. 'मग कोणाला वगळलेस?' असे मी विचारले. ती म्हणाली, 'आजोबा, तुम्हांला ठेवले आहे. पण तुम्हांला तेथे करायला काही नाही.' ही तिची एकटीची तक्रार नव्हे. चौथ्या भागातील वृद्ध आणि प्रौढ यांत केसांच्या रंगावाचून फारसा भेद नाही, वार्धक्याला स्वतःचे असे काही कामच दिलेले नाही, हे पुष्कळ खेळणाऱ्यांनी बोलून दाखविले आहे. मला हे ऐकून हसू आले आणि मग हसू मावळले. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर कोठेही पाहा. मुले पुण्यास, हैदराबादेस किंवा परदेशी गेलेली, आणि मागे दोन वृद्ध जीव घराच्या किल्ल्या सांभाळीत असलेले. त्यांना औषध आहे, पैसा आहे, दूरध्वनी आहे. करावयास मात्र काही नाही. खेळ करणाऱ्यांनी हे आपल्याकडूनच पाहून घेतले की काय, अशी शंका यावी.

या वादाचा पुढील वृत्तांत सांगितला पाहिजे, कारण तो आशादायक आहे. हौद त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आले. नाचती बाळे २०१७ सालच्या जानेवारीत आली, आणि पाळण्यातून सुटून रांगणारे तान्हे २०२३ सालच्या मार्चमध्ये आले. म्हणजे खेळणाऱ्यांनी सुमारे नऊ वर्षे मागणी सोडली नाही. मुंबईतील फॅशन स्ट्रीटच्या धर्तीवरचे कपडेही २०२१ साली त्या खेळात मिळू लागले. २०२५ साली, खेळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, पहिला आणि दुसरा भाग पुन्हा विक्रीस काढण्यात आला. त्याच वर्षी 'इन्झोई' नावाचा कोरियन प्रतिस्पर्धीही पुढे आला. त्याचे रूप डोळे दिपविणारे, परंतु माणसांत जीव कमी, असे अनेक परीक्षकांचे मत पडले. तेथेही पुन्हा सोन्याच्या गाडीचाच प्रश्न!

पालकांसाठी एक व्यवहाराची सूचना. मूळ चौथा भाग २०२२ सालच्या ऑक्टोबरपासून विनामूल्य मिळतो. पण त्यास जोडावयाची प्रकरणे निरनिराळ्या किमतींस विकली जातात, आणि ती इतकी आहेत की सर्व घेतल्यास चांगली मोठी रक्कम होते. आज ऋतू विकत घ्या, उद्या कुत्रीमांजरे विकत घ्या, असा तो प्रकार आहे. म्हणून खर्चाची मर्यादा आधी ठरवावी, आणि वेळेचीही. एवढे करून खेळास सरसकट मना मात्र करू नये. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. खेळात बिघडलेला डाव टाकून साठविलेला जुना डाव पुन्हा उघडता येतो, संसारात तसे करता येत नाही, हा भेद मुलांना समजावून देण्यास याहून चांगली संधी मिळणार नाही.

आमच्या जिल्ह्यातील गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. दळण, कांडण, झाडलोट यांना त्यांनी भक्तीचे मोल दिले, आणि त्यांच्याबरोबर पांडुरंग स्वतः जात्याला हात लावी असे आपण मानतो. घरकाम ही हलकी गोष्ट आहे असे त्या परंपरेने कधी शिकविले नाही. मग घर मांडण्याच्या खेळातच आपल्या मुलांचे मन रमत असेल तर त्यात वाईट वाटण्याचे कारण कोणते? तेव्हा वाचकांस माझी विनंती इतकीच की, घरातील मूल या खेळाविषयी कुरकुरू लागले, तर त्याला गप्प करण्याआधी 'तुझ्या त्या घरात काय कमी आहे?' असे एकवार विचारावे. उत्तर शांतपणे ऐकावे, आणि मग तीच उणीव आपल्या घरात तर नाही ना, याचाही शोध घ्यावा. घरात आजीआजोबा असतील, तर त्यांच्यासाठी एखादे काम त्या मुलानेच शोधून काढावे, असे सुचवावयासही हरकत नाही.