घराची किंमत आणि घराचे अंतर

हैदराबादच्या पेठांतून व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांची राहण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. खाली पेढी, मागे वखार आणि वर माडीवर बिऱ्हाड. मालक दुपारी जिना चढून जेवावयास जाई, सूर्यास्तापूर्वी पुन्हा वर जाऊन सर्वांसमवेत भोजन उरकी आणि दिवेलागणीच्या गिऱ्हाइकासाठी परत गादीवर येऊन बसे. नियमही पाळला जाई, व्यापारही खोळंबत नसे.

आता ती स्थिती राहिली नाही. बेगम बाजारासारख्या पेठांत अनेक माड्यांवर माल चढला, रस्त्यांवर वाहनांची दाटी झाली, कुटुंबे वाढली. अशा वेळी तरुण पिढीने दिलसुखनगर, एल. बी. नगर, मियापूर या बाजूंस घर घेण्याचा विचार करावा, हे स्वाभाविकच आहे. त्यास विरोध करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. प्रश्न इतकाच की, घर घेताना आपण त्याची संपूर्ण किंमत मोजतो काय?

आपण चौरस फुटाचा दर विचारतो, पैशापैशासाठी घासाघीस करतो. परंतु अंतराचा आकडा कोणत्याच खात्यात मांडीत नाही. वस्तुतः तोही खर्चच होय. पेढीवर जाण्यास एक तास व परतण्यास एक तास धरला, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ६०० तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने हे ७५ दिवस झाले. दरवर्षी अडीच महिन्यांचे काम रस्त्यावर जाते, आणि कर्ज फिटले तरी हा हप्ता थांबत नाही.

दूरचे घर स्वस्त व ऐसपैस मिळते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु ज्याचे घर दूर, त्यास सूर्यास्तापूर्वीचे जेवण डब्यातून पेढीवरच करावे लागते. तो घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. वृद्ध आईवडिलांस जिनमंदिर पायी गाठता येत नसेल, तर त्यांचा नित्यक्रमही दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतो. एक खोली अधिक मिळाली म्हणून ही उणीव भरून निघत नाही.

सुदैवाने आज एक सोय झाली आहे. शहरात मेट्रो नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये मियापूर ते एल. बी. नगर हा सुमारे २९ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. नामपल्ली, मलकपेठ, दिलसुखनगर ही स्थानके त्यावरच आहेत. म्हणून एकाच उपनगरातील, एकाच भावाची दोन घरेही सारखी नसतात. स्थानकापासून दहा मिनिटे चालत जाता येईल ते घर निराळे, आणि जेथून आधी रिक्षा शोधावी लागेल ते निराळे.

मात्र चालू गाडीवर विसंबावे, नकाशावरील गाडीवर नव्हे. २०२० मध्ये दुसरा एक मार्ग महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत सुरू झाला. मूळ आराखड्यातील तेथून फलकनुम्यापर्यंतचा भाग मात्र त्या वेळी मागेच राहिला. ‘लवकरच स्थानक होणार’ या शब्दावर जो अधिक दर देतो, तो उधारीचा माल रोखीने घेतो.

तेव्हा बंधूंनो, बयाणा देण्यापूर्वी कामाच्या दिवशी, पेढी उघडण्याच्या वेळी त्या घरापासून पेढीपर्यंत एकदा स्वतः जाऊन पाहा, आणि संध्याकाळी परतूनही पाहा. सोबत घरातील स्त्रियांस न्या. त्या घरात दिवसभर वावर त्यांचाच असणार. बांधकाम चालू असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणी तपासा, दर चटई क्षेत्रावर मोजून घ्या, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. बांधकाम करणाऱ्यास ती मागण्याचा अधिकारच नाही.

माल घेताना आपण वाहतुकीचा खर्च भावात धरल्यावाचून सौदा करीत नाही. जेथे आपल्याला रोज परतावयाचे आहे, त्या घराच्या सौद्यातही तोच हिशेब लावावा, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.