कमलाची मशीद आणि आपली

८ जून २०२२ ला सुरू झालेल्या ‘मिस मार्व्हल’चे पहिले दोन भाग पाहिले. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली कमला खान, तिच्या हातून निघणारा प्रकाश. आमच्या ग्रुपवर जल्लोष: ‘अखेर आपली सुपरहीरो!’

मला दुसऱ्या भागातली मशीद जास्त भिडली. बायकांच्या बाजूची पडझड झालेली, तिथून इमाम धड दिसत नाहीत. कमलाची हिजाब घालणारी मैत्रीण नाकिया नुसती कुरकुरत बसत नाही. मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवायचं ठरवते.

‘ते अमेरिकेत ठीक’ म्हणणाऱ्यांनो, पुण्यातल्याच एका दाम्पत्याने २०१९ मध्ये स्त्रियांच्या मशीद प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२० मध्ये पर्सनल लॉ बोर्डानेच शपथपत्रात सांगितलं, स्त्रियांना मशिदीत नमाजाची मुभा आहे. मग अडलंय कुठे? जागा नाही? मिनाराच्या रोषणाईला वर्गणी बरी जमते!

पडद्यावरच्या मुलीला टाळ्या आणि घरातली बहीण दाराबाहेर, हे कौतुक खोटं आहे. येत्या जुम्याला आपल्या ट्रस्टींना एवढंच विचारा: बायकांची जागा कुठे आहे?