बेहड्याचे झाड अभ्यासक्रमात का नाही?

वडूजसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या माणसाने पोकर या पत्त्यांच्या खेळावर लिहावे, हे आमच्या स्टाफरूममधल्या काही सन्मित्रांना रुचणारे नाही, याची मला कल्पना आहे. 'साहित्य सोडून हे कुठले पत्ते पिसत बसलात?' असा प्रश्न लेख लिहून होण्यापूर्वीच विचारून झाला आहे. माझे म्हणणे असे की, हा विषय मुळात साहित्याचा आहे. आम्ही तो सोडून दिला म्हणून भलत्यांच्या हाती गेला.

निमित्त घडले ते 2024 च्या उन्हाळ्यात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. वडिलांनी बटाट्याच्या बेण्यासाठी ठेवलेले 40,000 रुपये त्याने मोबाइलवर घालवले होते. आधी रमीत, मग 'हा खेळ जास्त डोक्याचा आहे' असे कुणी सांगितल्यावरून पोकरमध्ये. थोरला भाऊ तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला. त्याच्याकडून काही रक्कम मागवून तीही गेली. माझ्याकडे तो पैसे मागायला आला नव्हता. त्याने मोबाइलवर 40 पानांची एक पीडीएफ उघडून पुढे धरली आणि म्हणाला, "सर, हे वाचून सांगा, माझं कुठं चुकलं."

पुस्तिका मराठीत होती, लेखकाचे नाव नव्हते, आणि वाचकाला नवशिक्यापासून निष्णातापर्यंत नेण्याचे आश्वासन पहिल्याच पानावर होते. विद्यार्थ्याने आपणहून एक मराठी गद्य मजकूर अर्थ लावण्यासाठी शिक्षकाकडे आणावा, हे माझ्या नोकरीत फारसे घडलेले नाही. मी तो रात्री जागून वाचला.

आणि पंचाईत अशी झाली की, त्यात चूक सापडेना. जुगाराच्या नावाने खडे फोडणाऱ्यांना वाटते तशी ती भोंदूगिरी नव्हती. हातात दोन पाने, मेजावर टप्प्याटप्प्याने उघडी होणारी पाच. 52 पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात, त्यांतल्या एक्क्यांच्या फक्त 6, म्हणजे सरासरी 221 वेळा पाने वाटली की एकदा. म्हणून नवशिक्याने आधी पाने टाकून द्यायला शिकावे, हा पहिला धडा. मग बसण्याची जागा: जो शेवटी बोलतो त्याला इतरांचे बोलणे ऐकायला मिळते, म्हणून तीच पाने एका जागी खेळण्याजोगी आणि दुसऱ्या जागी टाकण्याजोगी. मग भाव. पॉटमध्ये 300 रुपये आहेत, समोरच्याने 100 लावले. तुम्हाला 100 घालून एकूण 500 साठी खेळायचे आहे, तेव्हा पाचांत एकदा तरी जिंकण्याची शक्यता हवी. तुमच्याकडे बदामची चार पाने जुळली आहेत, एकच पान उघडायचे उरले आहे. न दिसलेल्या 46 पानांत 9 बदाम. 9 भागिले 46, म्हणजे 19.6 टक्के. वीसला किंचित कमी, टाकून द्या. पुढे प्रतिस्पर्ध्याच्या हातात 'अमुक पान आहे' असे न धरता 'अशी अशी पाने असू शकतात' असा पट्टा मनात धरणे, थाप किती वेळा मारावी याचे प्रमाण, हरल्यावर चिडून मोठी रक्कम न लावणे, खेळायची गंगाजळी घरखर्चापासून वेगळी ठेवणे. हे सारे बरोबर आहे. किंबहुना शेवटचा उपदेश आमच्या पतसंस्थांच्या संचालकांनाही वाचायला द्यावा.

तर मग आक्षेप कशाला? जे लिहिलेले नाही त्याला. साहित्याच्या विद्यार्थ्याला आपण एवढे तरी शिकवतो की, मजकूर जे गाळतो तेही वाचावे लागते. त्या 40 पानांत 'रेक' हा शब्द एकदाच, तोही ओझरता. रेक म्हणजे मेज मांडणाऱ्याने प्रत्येक पॉटमधून काढून घेतलेला हिस्सा. आपल्याकडच्या अड्ड्यांवर ज्याला नाल म्हणतात, तोच. वरचा हिशेब पुन्हा करा. रेक नसताना त्या बदामच्या आशेवर 100 रुपये घातले तर दर खेपेला सरासरी 2 रुपये जातात. 500 च्या पॉटमधून पाच टक्के, म्हणजे 25 रुपये, मालकाने काढले की तोच तोटा 7 रुपये होतो. पाने तीच, शहाणपण तेच, तोटा तिपटीहून जास्त.

आता सगळेच निष्णात झाले, असे समजू. सहा जण प्रत्येकी 5,000 घेऊन बसले, मेजावर 30,000. दर डावाचा पॉट सरासरी 600 चा, त्यातून 30 रुपये मालकाचे, तासाला 30 डाव. तासाला 900 गेले. दहा तासांनी मेजावर 21,000 उरतात. सहाही जण तोडीस तोड असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 3,500. कुणी चुकले नाही, कुणी चिडले नाही, सर्वांनी पुस्तिका तोंडपाठ केली होती. 'निष्णात' हा शब्द इथेच उघडा पडतो. सुतार निष्णात झाला तर खुर्ची चांगली होते. शेजारचा सुतारही निष्णात झाला म्हणून पहिल्याची खुर्ची बिघडत नाही. पोकरच्या मेजावर निष्णात म्हणजे शेजाऱ्यापेक्षा इतका वरचढ, की त्याच्या खिशातून मालकाची नालही भरून निघेल. म्हणजे शिडी सर्वांना दाखवायची आणि तिचा फायदा मात्र खाली कुणीतरी उरण्यावर अवलंबून ठेवायचा. तो उरणारा वडूजचा, दहिवडीचा, विट्याचा असतो, एवढे पुस्तिकेने सांगायला हवे होते. आणि शिडीच्या टोकाला आता माणूसही नाही. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघांतला मर्यादित बोलीचा पोकर संगणकाकडून जवळपास पूर्ण सोडवून घेतला. 2019 मध्ये सहा जणांच्या मेजावर एका संगणक-प्रणालीने व्यावसायिक खेळाडूंवर मात केली.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथेही भांडण शब्दांचेच आहे. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्याने वगळले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची मानली. तीन पानी मात्र नशिबाची ठरवली. पुढे ऑनलाइन कंपन्यांनी याच 'कौशल्या'वर आपला इमला उभारला. पोकरबद्दल न्यायालये एकमताने बोललेली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारच म्हटले. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवर तो राजरोस चालतो. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. मोठ्या कंपन्यांनी असे खेळ बंद केले. त्याच्या महिनाभर आधी, जुलै 2025 मध्ये, विधान परिषदेच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. यावर भाष्य करण्याची माझी प्राज्ञा नाही.

बंदीचे मी स्वागत करतो. पण बंदी झाली म्हणून आमच्या स्टाफरूमने जो सुटकेचा निःश्वास सोडला, त्यावर माझा राग आहे. मुलाला हिशेब कळत नव्हता आणि आम्ही त्याला 'द्यूत वाईट' एवढेच सांगत होतो, ही स्थिती बंदीने बदलली नाही. आणि हे सांगणारे आम्ही कोण? मराठीचे प्राध्यापक, ज्यांच्या परंपरेत द्यूताबद्दल याहून कितीतरी शहाणे बोलून ठेवलेले आहे. आम्ही रघुनाथ पंडितांचे नलदमयंती स्वयंवराख्यान शिकवतो. हंस शिकवतो, हंसाची तडफड शिकवतो, त्यातला करुणरस परीक्षेला विचारतो. हे आख्यान स्वयंवराचे, म्हणून नलाच्या कथेचा पुढचा भाग आमच्या वर्गात येतच नाही. वनपर्वातला नल पुष्कराशी फासे खेळून राज्य हरतो, बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी होतो, आणि विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. राजाला घाई आहे. तरी नल रथ थांबवतो, खाली उतरतो, झाड पाडून फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षहृदय शिकतो, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. महत्त्वाचे हे की, कली गेला तेव्हा नल अजून काहीही जिंकलेला नव्हता. त्याला मोजता येऊ लागले, एवढेच घडले होते. हीच कथा बृहदश्व ऋषी कुणाला सांगतात? द्यूतात सर्वस्व गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. त्यालाही ते अक्षविद्या देतात. युधिष्ठिर पुढे विराटाच्या दरबारी कंक होऊन फासे खेळतो. शकुनीला पुन्हा खेळायला बोलावत मात्र नाही. नवशिक्या ते निष्णात हा प्रवास इतक्या बारकाईने कुणी सांगितला आहे? आणि लीळाचरित्र? द्यूतात हरलेला हरिपाळदेव पत्नीकडे दागिने मागतो, कमळाइसा नकार देते, आणि त्या विरक्तीतून पुढचे चक्रधर घडतात. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभीच एक हरलेला डाव आहे. आम्ही तो 'पार्श्वभूमी' म्हणून दोन वाक्यांत उरकतो.

माझ्या या प्रतिपादनाला सर्वांत जोरदार उत्तर स्टाफरूममधून आले नाही. पुढच्या रविवारी तो विद्यार्थी पुन्हा आला, तेव्हा मी त्याला सहा जणांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्याने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "सर, हे मला आता पटतंय. पण शेतीत तरी दुसरं काय आहे? बटाटा काढेस्तोवर भाव काय असंल कुणाला माहीत. हमाली, तोलाई, गाडीभाडं आधीच कापून जातं. ही नालच की."

मी लगेच काही बोललो नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला शेवटी शेती कर असे सांगितले आहे, हे मला आठवत होते. पण खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या मुलाला ते ऐकवायचा धीर झाला नाही. शिवाय त्याच सूक्तातला जुगारी सगळे जाणतो: घर मोडले, बायको दुरावली, सासू तिरस्कार करते. तरीही फाशांचा आवाज आला की तो निघतो. मोजता आले की कली जातो, हे नलाच्या बाबतीत खरे. त्या बिचाऱ्याच्या बाबतीत नाही. माझ्या लेखातली ही फट मला दिसते, आणि ती बुजवण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

एवढेच त्याला म्हणालो की, बटाटा पडत्या भावात गेला तरी कुणाच्या तरी ताटात पडतो. दहा तासांच्या त्या मेजावर 30,000 चे 21,000 होतात, आणि खायला काहीच नसते. तो हसला. पटले की माझी कीव आली, ते कळले नाही.

गेल्या वर्षी मी नलोपाख्यानातला बेहड्याचा प्रसंग मराठी अनुवादात झेरॉक्स करून वर्गात वाटला आणि फळ्यावर 46 पाने, 9 बदाम असा हिशेब मांडला. मागच्या बाकावरचे तिघे, जे एरवी हजेरी झाली की निघून जातात, तासभर बसून राहिले. त्यांतल्या एकाने माझी आकडेमोड सुधारून दिली. तासानंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "हे मराठीच्या तासाला कशाला?" मी त्यांना ती पीडीएफ पाठवली. भाषा शुद्ध आहे, असा त्यांचा अभिप्राय आला.